तिसरा हिरवा दिवा

स्टेनोबाईंनी वही उघडली, घड्याळात पाहिलं आणि लिहिलं : अकरा वाजून सात मिनिटं, गेली. मग पडद्यावर फिरणाऱ्या गोल चक्राकडे बघत त्या इंटरनेट परत येण्याची वाट पाहत बसल्या. तिकडे दुसऱ्या गावात एक मुलगी आपल्या पडद्याकडे बघत बसली होती आणि तिच्यासमोर शेवटचं वाक्य अर्धवट लोंबकळत होतं : "म्हणजे पाणी मातीत मुरलं की उताराचा".

पाऊण मिनिटाने लाइन आली. तोवर प्राध्यापक दोन मुद्दे पुढे निघून गेले होते. उताराचं काय होतं ते मुलीला त्या दिवशी कळलं नाही.

स्टेनोबाई एका मोठ्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं स्टेनो होत्या. सात साहेब आले आणि बदलून गेले, बाई तिथेच. बिल्डिंगमध्ये त्यांचं खरं नाव फार तर चौघांना ठाऊक असेल. टपालवालासुद्धा जिन्यातून "स्टेनोबाई, पत्र" अशीच हाक मारतो. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, गुडघ्यांच्या तक्रारी करतात. बाईंना ते जमेना. बोटांना नुसतं बसवत नाही, असं त्या म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना हे काम मिळालं : कॉलेजातला वर्ग कॉम्प्युटरवरून ऐकायचा आणि बोललेला शब्द बोलता बोलताच टाइप करायचा. तो त्या मुलीच्या पडद्यावर उमटतो. मुलीला नवव्या वर्षी ताप आला, त्यात कान गेले. बोलणं मात्र राहिलं, आणि डोकं तर तल्लखच.

या कामात बाईंचा नियम एकच. जे बोललं जाईल ते सगळं लिहायचं. प्राध्यापक खोकले तर खोकले. मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "अरे, दार लाव ना," तर तेही. "इतर पोरांना ते ऐकू येतं ना? मग तिलाही आलं पाहिजे. काय कामाचं आणि काय बिनकामाचं, हे ठरवणारी मी कोण?"

आणि आता महिनाभर या लाइनने उच्छाद मांडला होता. दिवसातून एकदा, कधी तीनदा, लाइन जायची आणि पाऊण मिनिटाने मुकाट्याने परत यायची. वर्गात एक वेळ चालून गेलं असतं. पण येत्या शुक्रवारी अकरा वाजता मुलीची शेवटची तोंडी परीक्षा होती. डोंगरउतारावरची माती का घसरते, यावर तिने दीड वर्ष खपून प्रबंध लिहिला होता, आणि तीन परीक्षक तिला त्यावर प्रश्न विचारणार होते. ऐकू न येणाऱ्या मुलीची तोंडी परीक्षा म्हणजे तिचे कान झाले बाईंची दहा बोटं आणि या घरातली एक निळी वायर.

सोमवारी मुलीच्या कॉलेजातून विभागाच्या बाईंचं पत्र आलं. अगदी सभ्य पत्र होतं. गुरुवार संध्याकाळपर्यंत लाइनची खात्री देता आली नाही, तर शुक्रवारी आपोआप लिहिणारी यंत्रणा लावावी लागेल, असं त्यात होतं. पाठोपाठ मुलीचा निरोप आला : "काकू, ते यंत्र नको. ते सरांचं अर्धं ऐकतं आणि उरलेलं मनाने लिहितं. मी भलत्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देत बसेन."

बाईंनी उत्तर लिहिलं : "लाइन मी नीट करते. तू अभ्यास कर." आणि पाठवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की लाइन नीट कशी करतात याचा आपल्याला पत्ताही नाही.

तसं जमेल ते करून झालं होतं. इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. वायर काढून पुन्हा खोचली. डब्याच्या मागचं भोक बदललं. वायरीशिवायचं इंटरनेट दोन भिंती ओलांडून मागच्या खोलीत येईपर्यंत धापा टाकायचं, शिवाय जुन्या कॉम्प्युटरला ते पकडताही येत नव्हतं. मंगळवारी इंटरनेट कंपनीचा लाइनवाला आला. त्याने बाईंच्या खुर्चीत बसून अर्धा तास वेग मोजला, वायरीच्या दोन्ही टोकांना आपलं छोटं यंत्र लावून ती तपासली आणि उठला. "मॅडम, आमच्याकडून एकदम टकाटक. कॉम्प्युटर दाखवून घ्या."

मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. या लोकांची एक रीत असते. पेटी उघडल्याबरोबर आधी एक सुस्कारा सोडायचा, म्हणजे घरच्यांचा धीर खचतो. त्याने सुस्कारा सोडला, धूळ उडवली, तासभर मशीन चालवून पाहिलं. "ठणठणीत आहे. तुमची लाइनच गंडलेली आहे." दोघांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत होतं, दोष आपला नाही. आणि गंमत अशी, की दोघं असेपर्यंत लाइन शहाण्या बाळासारखी वागली. ते गेले आणि दुपारच्या वर्गात पुन्हा दोनदा गेली.

आता उरल्या सासूबाई. इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत, नेमका त्यांच्या खुर्चीशेजारच्या फळीवर. वय चौऱ्याऐंशी, आणि आयुष्यभराची सवय अशी, की घरात फुकट जळणारा दिवा दिसला की बंद करायचा. त्या डब्यावर पाच हिरवे दिवे रात्रंदिवस लुकलुकतात, हे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

बाईंनी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "आई, त्या डब्याला चुकून हात वगैरे लागतो का हो तुमचा?"

"चुकून?" सासूबाई म्हणाल्या. "सरळ विचार ना, मी बंद करते का म्हणून. चोर ठरवून मोकळी हो."

"तसं नाही हो, आई."

"तसंच आहे."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी आपलं ताट आपणच वाढून घेतलं. बाईंनाही रात्रभर रुखरुख लागली. पण बुधवारी सकाळी सासूबाईंनी चष्मा पुसला, खुर्ची वळवून डब्याच्या समोर घेतली आणि मांडी ठोकून बसल्या. "आता बघतेच कोण बंद करतं ते."

साडेदहाच्या वर्गात मागच्या खोलीतलं चक्र फिरायला लागायला आणि पुढून आवाज यायला एकच गाठ पडली. "तिसरा गेला गं. तिसरा!"

बाई धावत पुढे आल्या. पाचांपैकी चार दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. तिसरा विझला होता. आणि त्यांच्या डोळ्यांदेखतच तो पुन्हा लागला.

"मी हात लावला का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. चुकलं माझं."

"असू दे. तिसरा कोणाचा?"

तिसरा दिवा कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या निळ्या वायरीचा होता. म्हणजे कंपनीची लाइन नव्हे. बाहेरून इंटरनेट डब्यापर्यंत व्यवस्थित येत होतं. घोटाळा डबा आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या तीस फुटांत होता. बाईंना बरं वाटलं. सगळ्या जगातून शोधायचं ते आता दोन खोल्यांत शोधायचं होतं. पण त्या वायरीला तर लाइनवाल्याच्या यंत्राने पास केलं होतं.

वर्ग संपल्यावर त्या वही घेऊन बसल्या. महिन्याभरात सव्वीस नोंदी झाल्या होत्या. लिफ्ट, पाण्याचा पंप, फ्रिज, शेजारच्यांचं मशीन, सगळ्यांच्या वेळा ताडून पाहिल्या. काही म्हणजे काही जुळेना. दुसरं कुणी असतं तर वही मिटली असती. पण स्टेनोबाईंच्या वहीत नुसत्या वेळा नव्हत्या. सगळं लिहून ठेवायची खोड हाडीमाशी खिळलेली. प्रत्येक वेळेपुढे, लाइन गेली तेव्हा चाललेलं वाक्यही त्यांनी शॉर्टहँडमध्ये टिपलं होतं. आजवर त्या वेळाच बघत होत्या. आता त्या वाक्यं वाचायला लागल्या. पाच वाचली, दहा वाचली, आणि बोट थांबलं.

सव्वीसच्या सव्वीस वाक्यं एकाच माणसाची होती.

मुलीला चार प्राध्यापक शिकवत. तिघं माणसासारखं बोलत. चौथ्यांना बाई आणि मुलगी आपसात धबधबा म्हणत. माणूस भला आणि ज्ञानी होता. पण विषय रंगला की तोंडाला ब्रेक नाही. पहिलं वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या अंगावर. इतर तिघांच्या वर्गात महिन्याभरात लाइन एकदाही गेली नव्हती.

बाईंचे यजमान औषधांच्या दुकानात कामाला. दुपारी जेवायला घरी आले तेव्हा बाईंनी त्यांच्यापुढे वही ठेवली.

"प्राध्यापक भरभर बोलले म्हणून वायर तुटते?" ते म्हणाले. "दुकानात सांगू नकोस कुणाला. मला गोळी देतील तुझ्यासाठी."

"जेवण झालं का तुमचं?"

"झालं."

"मग पुढच्या खोलीत उभे राहा आणि वाचा काहीतरी मोठ्याने. मी टाइप करते. आई, तुम्ही दिव्याकडे बघा."

यजमानांच्या खिशात खोकल्याच्या औषधातला माहितीचा कागद होता, तोच त्यांनी उघडला. आधी सावकाश वाचलं. डोस, खबरदारी, मुलांच्या हाती लागू देऊ नये. मागच्या खोलीत टक टक टक. तिसरा दिवा जागेवर.

"आता भरभर," आतून हुकूम आला.

भरभर वाचलं. दिवा जागेवर.

"हे भरभर? अजून!"

यजमानांनी दम भरला आणि मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ, तोंडाला कोरड, झोप येणे, झोप न येणे, सगळं एका श्वासात सोडलं.

"तिसरा गेला!" सासूबाई ओरडल्या.

बाईंनी त्या क्षणी पडद्याकडे पाहिलं नाही. स्वतःकडे पाहिलं. बोटं कळफलकावर. पाठ ताठ. डावा पाय खुर्चीच्या दांडीवर. आणि उजवा पाय पायपुसण्यावर, टाच घट्ट दाबलेली, इतकी की पोटरीला गोळा आला होता. त्यांनी पाय उचलला. "लागला बघ परत," पुढून आवाज आला.

कचेरीत बैठकांच्या टेपा यायच्या. कानाला ऐकायचं यंत्र, समोर टाइपरायटर आणि टेबलाखाली पेडल. बोलणारा फार पळायला लागला की उजव्या पायाने पेडल दाबायचं, टेप थांबते. बोटांनी मजकूर गाठला की पाय सोडायचा, टेप पुढे. अठ्ठावीस वर्षांत कितीदा दाबलं असेल त्याची गणती नाही. पेडल गेलं, कचेरी गेली, पायाला कोणी कळवलंच नव्हतं. कोणी भरधाव सुटला की तो आपला मुकाट्याने आपलं काम करत होता.

बाईंनी खाली वाकून पायपुसणं उचललं. नेमकी त्याखालून निळी वायर गेली होती, आणि टाचेच्या जागी ती चपटी झाली होती. कोणी न दाबता तपासली की पास, दाबली की आतल्या आत सुटायची.

"ही इथे कोणी घातली?" त्यांनी विचारलं.

दारात उभ्या असलेल्या यजमानांनी औषधाच्या कागदाची बारीक घडी घातली. "मागच्या महिन्यात अडखळलो ना मी तिच्यात, चहाचा कप घेऊन? म्हटलं, दिसायला नको, पायात यायला नको."

"बरोबर पायात आणून ठेवलीत."

"तो लाइनवाला बसला होता की इथेच."

"त्याला कोण पळवत होतं?" बाई म्हणाल्या, आणि मग दोघंही हसत सुटली. सासूबाई पुढून विचारत राहिल्या की झालं काय, कोणी सांगेल का मला.

यजमान त्या दिवशी दुकानात अर्धा तास उशिरा गेले. त्याआधी त्यांनी नवी वायर आणली आणि स्टुलावर चढून, भिंतीच्या वरच्या कडेने खिळे ठोकत, ती मागच्या खोलीत आणली. कोणाच्या पायाचा तिच्याशी संबंध म्हणून उरला नाही.

गुरुवारी धबधब्याचा शेवटचा वर्ग झाला. लाइन एकदाही गेली नाही. सासूबाई अडीच तास दिव्यासमोरून हलल्या नाहीत. आनंदीआनंद व्हायला हवा होता, पण बाईंची बोटं अडखळत होती. बाईंचं आता आपल्यावर लक्ष आहे, हे पायाला कळलं होतं. बाई तो दाबू देत नव्हत्या, आणि तो दाबला नाही की बोटांचा ताल जात होता. चुका व्हायला लागल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मुलीने विचारलं, "काकू, बरं नाही का तुम्हाला?"

वर्ग संपल्यावर बाई माळ्यावर चढल्या. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी ते जुनं पेडल कागदात बांधून थट्टेने हातात ठेवलं होतं. काळं, जड, तार कापलेली. त्यांनी ते पुसलं आणि टेबलाखाली ठेवलं. पाय आपणहून त्यावर गेला. मग त्यांनी रेडिओवरच्या बातम्या लावल्या आणि तासभर टाइप करून पाहिलं. एकही चूक नाही.

विभागाच्या बाईंना त्यांनी लिहिलं : "लाइन दुरुस्त झाली आहे."

उत्तर आलं : "खात्री आहे ना?"

"आहे." आणि आणखी काही विचारायच्या आत त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. कारण खात्री वायरीची होती. उद्याची कोण देणार?

शुक्रवारी अकराला तीन परीक्षक पडद्यावर आले. मुलगी एका चौकोनात, केस घट्ट बांधलेले, हातात पेन. पहिल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, दुसऱ्या परीक्षक बाईंनी त्याहून शांतपणे. स्टेनोबाई टाइप करत होत्या, मुलगी वाचून उत्तरं देत होती. वीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग तिसऱ्या परीक्षकांची, म्हणजे धबधब्याची पाळी आली.

पहिला प्रश्न माणसासारखा आला. मुलीने सरळ उत्तर दिलं, आणि तेच नडलं. उत्तर आवडलं, सरांना विषय चढला. उताराचा कोन, मुळांची पकड, पाण्याचा दाब, तुझ्या चौथ्या प्रकरणातला तो आलेख, मग तिथे असं का नाही, आणि तसं असेल तर तू हे गृहीत कसं धरलंस. एका दमात तीन प्रश्न आणि त्यांच्या पोटात आणखी दोन. बाईंची बोटं पळत होती. उजवा पाय पेडलवर पार तळापर्यंत दाबलेला. लाइन टिकली होती. पण प्रोफेसर काही टेप नव्हते. ते थांबले नाहीत.

बाईंनी एक क्षण मुलीच्या चौकोनाकडे पाहिलं. मुलीचे डोळे ओळींमागून ओळी धावत होते, ओठ हलत होते. आणि मग तिने हळूच मान हलवली. हो, हो, कळलं. ती मान बाईंना पाठ होती. त्यांनी स्वतः अठ्ठावीस वर्षं सात साहेबांसमोर ती हलवली होती. समजलं, सर. झालं, सर. एकदाही त्यांनी कोणा साहेबाला म्हटलं नव्हतं, की जरा सावकाश. समोर बसून मान हलवायची आणि टेपेवर मात्र त्याच साहेबाला पायाखाली थांबवायचं, अशी आयुष्यभर वाट काढली होती. आता त्या पोरीकडे पेडलही नव्हतं.

बाईंनी आपला माइक चालू केला. दोन वर्षांत तो त्यांनी कधी चालू केला नव्हता.

"सर, थांबा," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "थांबा जरा. मी टाइप करणारी बोलतेय. एका वेळी एकच प्रश्न विचारा, आणि सावकाश विचारा. तुमचं बोलणं तिला वाचावं लागतं. वाचायला वेळ लागतो, आणि तो तिला मिळाला पाहिजे."

बाईंचे कान तापले होते. पण नियम तो नियम. बोटं कळफलकावर गेली आणि बाईंनी स्वतःचंच वाक्य शब्दन् शब्द टाइप केलं. पडद्यावर ते उमटलं तसं मुलीने ते वाचलं, आणि तिचं पेन टेबलावर पडलं.

"हो," धबधबा म्हणाला. चष्मा काढून त्याने डोळे पुसले. "बरोबर आहे. माझं चुकलं. पहिला प्रश्न पुन्हा विचारतो." बाईंनी तेही टाइप केलं.

त्याने विचारला. एकेक शब्द, मधे जागा सोडून. मुलीने वाचला, पुन्हा वाचला, घोटभर पाणी प्यायली आणि बोलायला लागली. चार मिनिटं बोलली. दुसऱ्या प्रश्नावर तिने उलट सरांनाच त्यांच्या गृहीतकातली एक फट दाखवली आणि सर खूश होऊन हसले. बाराला पाच मिनिटं कमी असताना परीक्षकांनी तिचं अभिनंदन केलं आणि एकेक चौकोन बंद झाला.

मुलगी गेली नाही. ती पडद्याकडे बघत बसली होती.

"काकू," ती म्हणाली, "सर नेहमी इतकंच भरभर बोलायचे?"

बाईंनी टाइप केलं : "नेहमी."

"बाकीच्यांनाही झेपायचं नाही?"

"मागच्या बाकावरचा एक जण रोज पुटपुटायचा, काय बोलतोय हा म्हणून. मी लिहायचे ते."

"ते मला थट्टा वाटायची." मुलीने टेबलावर पडलेलं पेन उचलून टोपण लावलं. मग म्हणाली, "मला दोन वर्षं वाटत होतं, की मीच हळू आहे."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते भरू दिले. जे बोललं जाईल ते सगळं लिहायचं, म्हणून त्यांनी मुलीचं ते वाक्यही जसंच्या तसं टाइप केलं. टाइप करायला घाई नव्हती. खाली उजवा पाय पेडलवर नुसता टेकलेला होता.

"अजून लागलेला आहे गं तिसरा," पुढच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. "मी उठू का आता?"